आधी गाडी किती बसते ते बघ

दुचाकीच्या टूलकिटमध्ये आकड्यासारखा वाकडा एक पाना असतो. साताऱ्यात पस्तीस वर्षं गॅरेज चालवलं, तेवढ्या काळात किती टूलकिट उघडल्या त्याचा हिशेब नाही. प्लगपाना हरवलेला, स्क्रूड्रायव्हरला गंज, पक्कड शेजाऱ्याने नेलेली. आणि हा वाकडा पाना मात्र शोरूममधून आला तसा कोराकरकरीत. गिऱ्हाईक विचारायचं, "काका, हे काय असतं?" मी म्हणायचो, "तुमची कंबर दुखते ना, तिचं औषध."

मागच्या शॉकअपच्या स्प्रिंगच्या बुडाशी, काही गाड्यांत डोक्याशी, पायऱ्या पायऱ्यांची एक रिंग असते. साध्या गाड्यांत बहुतेक पाच पायऱ्या. तो पाना त्या रिंगच्या खाचेत अडकवायचा आणि फिरवायचं, एवढंच त्याचं काम. पण किती फिरवायचं, आणि मुळात फिरवायचं का, ते सांगणारं माणूस मिळत नाही.

आता गॅरेज पोरगा बघतो. मी दारात खुर्ची टाकून बसतो. शनिवार-रविवारी कासला निघालेली पोरं थांबतात आणि सगळ्यांचं एकच मागणं असतं, "काका, शॉकअप कडक करून द्या." कशासाठी, किती, याचा पत्ता नाही. कडक म्हणजे चांगलं हे चहाचं खरं आहे. शॉकअपचं नाही.

माझे वस्ताद कोल्हापूरच्या उद्यमनगरात होते. जावा, राजदूत, बुलेट, जे येईल ते करायचे. गाडी आली की पान्याला हात लावायच्या आधी मालकाला म्हणायचे, "बस रे एकदा गाडीवर." तो बसला की हे बाजूला उकिडवे बसून मागचं मडगार्ड किती खाली आलं ते बघायचे. मग त्याला उतरवायचे, पुन्हा बसवायचे. मालक वैतागायचा. मी पोरगेला, मलाही वाटायचं म्हातारा वेळ काढतोय. एकदा मी घाईने रिंग फिरवली तर हातावर पान्याचाच फटका मिळाला. "आधी गाडी किती बसते ते बघ. मग पाना उचल." मला मिळालेला कानमंत्र तेवढाच, बाकी सगळं त्यातून उलगडत गेलं.

इंग्रजीत या बसण्याला सॅग म्हणतात. आता थोडं समजावून सांगतो, कारण इथेच निम्म्या लोकांची गफलत होते. रिंग फिरवली म्हणून स्प्रिंग कडक होत नाही. तार तीच, वेटोळी तेवढीच. रिंग फक्त स्प्रिंगला आधीपासून थोडी दाबून ठेवते, याला प्रीलोड म्हणायचं. त्यामुळे तुम्ही बसल्यावर गाडी कमी खाली जाते. म्हणजे रिंग ठरवते ती गाडीची उंची. ज्याला खरोखर कडक स्प्रिंग पाहिजे त्याला स्प्रिंगच बदलावी लागते.

मग गाडी अजिबात बसूच नये, असं का करू नये? तर खड्ड्यासाठी. चाकाला जसं वर जायला जागा लागते तशी खाली उतरायलाही लागते. रिंग पाचव्या पायरीवर आणि वर पंचावन्न किलोचा पोरगा, अशी गाडी बसतच नाही. पुढे खड्डा आला की चाक खाली उतरायला जागाच नाही, ते अधांतरी जातं, टायर रस्ता सोडतो. सरळ रस्त्यावर नुसता दणका बसतो. वळणात तेच झालं तर मागचं चाक बाहेर सरकतं.

साधारण हिशेब असा, की चाकाची वर-खाली जेवढी एकूण हालचाल, तिच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास गाडी तुमच्या वजनाने बसावी. जुन्या क्लासिक 350 ला मागे 80 मिलिमीटरची हालचाल आहे, तिथे पंचवीस-सत्तावीस पुरे. हिमालयन 411 ला मागे 180 आहे, तिथे पंचावन्न-साठ मिलिमीटर बसली तरी घाबरायचं नाही. शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावायचा नाही, तो यासाठीच.

पण टेप काढण्याआधी तीन गोष्टी बघायच्या. पहिली हवा. तीही थंड टायरमध्ये, सकाळी, गाडी न चालवता. आकडा चेनकव्हरवर नाहीतर मागचं चाक धरणाऱ्या चिमट्यावर (स्विंगआर्मवर) चिकटवलेला असतो, एकट्याचा वेगळा आणि डबलसीटचा वेगळा. माझ्याकडे 'शॉकअप गेलं' म्हणून आलेल्या गाड्यांतल्या कितीतरी नुसती हवा नीट करून परत पाठवल्या आहेत. पैसे घेतले नाहीत, चहा मात्र घेतला.

दुसरा कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग. गाडी मेन स्टँडला लावून पुढचं चाक उचलायचं आणि हँडल दोन बोटांनी हळूच इकडून तिकडे न्यायचं. मधोमध आल्यावर खाचेत बसल्यासारखं अडकलं तर कोनसेट गेला. अशी गाडी सरळ रस्त्यावरही आपल्या मनाने चालते आणि तिचा मालक शॉकअपला शिव्या देत असतो. तिसरा चिमट्याचा बुश. मागचं चाक दोन्ही हातांनी धरून आडवं हलवायचं. खटखट लागली तर आधी बुश बदलायचा, बाकीचं मग. हे तिन्ही नीट नसताना रिंग फिरवणं म्हणजे मोडक्या खाटेवर नवी गादी घालणं.

आता मोजायचं कसं ते. गेल्या दिवाळीत पुतण्या पुण्याहून आला, सेकंडहँड घेतलेली जुनी क्लासिक घेऊन. म्हणाला, "काका, यवतेश्वरच्या घाटात गाडी बाहेर पळते. डावीकडे वळवली तरी रस्त्याच्या मध्याकडे जाते." मी रिंग बघितली, दोन्ही बाजूंना पहिल्या पायरीवर. आधीचा मालक काडीपैलवान असणार. पुतण्या घरच्या कपड्यांत 85 किलोचा, जॅकेट, हेल्मेट, बूट घातले की नव्वद. त्याला म्हटलं, "जा, घाटात घालतोस ते सगळं घालून ये." कुरकुरला, पण आला. बनियनवर मोजलेला आकडा कामाचा नसतो.

गाडी मेन स्टँडला लावली, मागचं चाक अधांतरी. अॅक्सलच्या मधोमधपासून सरळ वर मडगार्डवर चिकटपट्टीचा तुकडा लावून पेन्सिलची रेघ मारली. टेप शिंप्याचा नको, पत्र्याचा घ्यावा. कापडी टेप ताणला जातो. अंतर भरलं 402 मिलिमीटर. मग गाडी स्टँडवरून उतरवून चाकांवर सरळ उभी केली, कुणी न बसता. 386. म्हणजे स्वतःच्या वजनाने सोळा मिलिमीटर बसली. मग पुतण्या बसला, दोन्ही पाय फूटरेस्टवर. पुढून हँडल धरायला माणूस पाहिजे म्हणून सौ.ला हाक मारली. ती मेथीची जुडी बाजूला ठेवून आली आणि म्हणाली, "एवढ्या वर्षांत गॅरेजमध्ये कधी बोलावलं नाहीत ते!" रेघेपासून अॅक्सल 362. एकूण बसली चाळीस. ऐंशीपैकी चाळीस, म्हणजे अर्धी हालचाल नुसतं बसण्यातच संपली.

इथे एक बारीक खोच आहे. गाडी एकदा हाताने खाली दाबून हळूच वर येऊ द्यायची आणि मोजायचं. मग थोडी उचलून हळूच खाली सोडायची आणि मोजायचं. दोन्ही आकड्यांत चार-पाच मिलिमीटरचा फरक येतो, कारण सील आणि बुश थोडं अडवतात. दोन्हींच्या मधला आकडा आपला. फरक फारच मोठा आला तर काहीतरी अडकतंय, ते आधी शोधायचं.

रिंग तिसऱ्या पायरीवर नेली. बसणं एकतीसवर आलं. चौथीवर नेली, सत्तावीस. थांबलो. मग पुतण्याला उतरवून पुन्हा रिकामी गाडी मोजली, तर ती स्वतःच्या वजनाने तीन मिलिमीटर बसत होती. हे मोजमाप लोक विसरतात. तुमच्या वजनाने आकडा बरोबर येतोय, पण रिकामी गाडी अजिबात बसत नाही, असं झालं तर समजायचं की स्प्रिंग तुमच्या वजनाला मऊ आहे आणि रिंगच्या जोरावर तुम्ही ती ओढूनताणून उभी केली आहे. पुतण्याचं तसं काठावर आहे. त्याला सांगितलं, स्प्रिंग बदल नाहीतर पोट कमी कर. स्वस्त कोणतं ते त्याचं त्याने ठरवावं.

दुसऱ्या दिवशी तो यवतेश्वरला जाऊन आला. गाडी वळणात आत राहत होती. कारण जादूचं नव्हतं. मागून गाडी खाली बसली की पुढचा फोर्क मागे कलतो, हँडल जड होतं आणि गाडी वळणात बाहेरची वाट धरते. मागून उचलली की फोर्क उभा होतो, गाडी पटकन वळते. मात्र हेही प्रमाणात. विंचवाने नांगी उचलावी तशी मागून वर काढली, तर हमरस्त्यावर नव्वदच्या वेगाला हँडल हलकं पडून थरथरायला लागतं. खंबाटकीच्या उतारावर हा अनुभव घेऊ नये.

छिन्नी-हातोड्याचं एक सांगून टाकतो, कारण त्याने माझं डोकं फिरतं. मोनोशॉकच्या, म्हणजे मागे एकच शॉकअप असलेल्या गाड्यांत पायऱ्यांच्या रिंगऐवजी कधी कधी आट्यांवर फिरणाऱ्या दोन रिंगा असतात, एक कामाची आणि दुसरी तिला कुलूप लावणारी. वरची सैल केल्याशिवाय खालची हलत नाही. घाईतला मेकॅनिक तिथे छिन्नी लावतो आणि हातोडा मारतो. रिंगच्या खाचा भुगा होतात, अॅल्युमिनियमचा कीस आट्यांत जातो आणि पुढच्या वेळी रिंग जागची हलत नाही. वाकडा पाना घ्या, आधी आट्यांतली माती ब्रशने काढा, थोडं तेल सोडा. पायऱ्यांच्या जोडशॉकअपला दोन्ही बाजूंची पायरी एकच पाहिजे. एक तिसरीवर आणि एक चौथीवर अशा कितीतरी गाड्या रस्त्यावर फिरताहेत.

आणि पल्सरच्या नायट्रॉक्ससारखा शॉकअपला चिकटलेला डबा असेल तर त्याला हात लावायचा नाही. आत नायट्रोजन दाबाने भरलेला असतो. तो उघडायला गेलेल्या माणसाचा डोळा थोडक्यात वाचलेला मी बघितला आहे.

मोनोशॉक हे काल-परवाचं खूळ वाटतं, पण त्याला पन्नास वर्षं होऊन गेली. बेल्जियमच्या ल्यूसियाँ टिल्केन्स या इंजिनिअरची कल्पना यामाहाने उचलली आणि 1973 मध्ये स्वीडनचा हाकान अँडरसन त्या गाडीवर 250 सीसी मोटोक्रॉसचा जगज्जेता झाला. त्याच्याही आधी, 1935 मध्ये, बीएमडब्ल्यूने आर 12 ला तेलाने आवरला जाणारा टेलिस्कोपिक फोर्क दिला. आज आपल्या स्प्लेंडरचा फोर्क त्याच घराण्यातला. आणि शॉकअप बनवण्याचे कारखाने चाकणला आहेत, वाळूजला आहेत; आपल्या अंगणातलाच माल आहे, फक्त त्याच्याशी बोलायचं कसं ते आपल्याला ठाऊक नाही.

स्प्रिंग दाबली की उसळते. ती उसळी आवरायचं काम तेलाचं. त्यालाच डॅम्पिंग म्हणतात. दाबताना आवरायचं ते कम्प्रेशन, परत येताना आवरायचं ते रिबाउंड. साध्या गाड्यांत हे कारखान्यातच ठरलेलं असतं, आपल्या हातात काही नाही. पण आता चाकणहून निघणाऱ्या केटीएमच्या काही गाड्यांना आणि इतरही महागड्या गाड्यांना स्क्रू असतात, टिक टिक करत फिरणारे. पोरांना तिथे भलता चेव येतो.

इथला नियम असा. आधी स्क्रू घड्याळाच्या काट्याच्या दिशेने हलक्या हाताने पूर्ण बंद करायचा, टिका मोजत. जितक्या झाल्या तो आकडा वहीत लिहायचा. मग परत तेवढ्याच टिका उघडायचा. म्हणजे कितीही बिघडवलं तरी घरी परतायची वाट राहते. जोर लावायचा नाही. आतली सुई मऊ असते. फोर्कला दोन्ही पायांना स्क्रू असतील तर कोणता कशाचा ते पुस्तकात बघायचं, काही गाड्यांत एका पायात कम्प्रेशन आणि दुसऱ्यात रिबाउंड असतं.

रिबाउंड बघायची वस्तादांची रीत मला आजही सगळ्यांत भरवशाची वाटते. गाडी सरळ उभी करून सीटवर दोन्ही तळवे ठेवून जोरात दाबायचं आणि सोडायचं. गाडी वर आली पाहिजे आणि बसली पाहिजे. वर येऊन पुन्हा खाली गेली, पुन्हा मान हलवली, तर रिबाउंड कमी आहे. रस्त्यावर ती नंदीबैलासारखी डोलणार, वळणात एक उंचवटा आला की दोनदा झुलणार. उलट, सोडल्यावर आळसावून हळूहळू वर येत असेल तर रिबाउंड जास्त झालं. हे जास्तीचं दुखणं ओळखायला अवघड. टोलनाक्याआधी रस्त्यावर पट्ट्या असतात ना, त्या ओळीने येणाऱ्या? पहिल्या पट्टीवर गाडी मऊ वाटते, चौथ्या-पाचव्या पट्टीला दगड होते. कारण चाक परत खाली येण्याआधीच पुढची पट्टी येते आणि गाडी दर पट्टीला थोडी थोडी खालीच जाते. पोरगा म्हणतो, "काका, कडक झालंय, मऊ करा." आणि मी रिबाउंड दोन टिका उघडून देतो.

एका वेळी एकच स्क्रू, दोनच टिका, आणि रस्ता तोच. पुढचं आणि मागचं एकदम बदललं तर कशाने सुधारलं ते देवालाही सांगता येणार नाही. माझ्या गिऱ्हाइकांत एक शाळामास्तर होते, ते वहीत तारीख, हवा, टिका आणि शेरा असं कोष्टक ठेवायचे. शेरा नेहमी चार शब्दांत: 'वळणात बरी. खड्ड्यात वाईट.' त्यांची गाडी मी फारशी खोललीच नाही.

पुढच्या शॉकअपला बहुतेक गाड्यांत फिरवायला काहीच नसतं, म्हणून त्याच्याकडे कुणी बघत नाही. एक साधी युक्ती आहे. फोर्कच्या चकचकीत पाइपावर प्लास्टिकचा केबल टाय सैलसर आवळायचा, सीलपर्यंत सरकवून ठेवायचा आणि रोजच्या रस्त्याने फिरून यायचं. टाय जिथे थांबला तेवढा फोर्क दबला. थोडी हालचाल शिल्लक राहिली तर ठीक. प्रत्येक फेरीला तो टोकाला जाऊन बसत असेल, ब्रेक मारला की गाडी नाकावर आपटत असेल, तर बहुतेक वेळा आतलं तेल संपलेलं किंवा मेलेलं असतं.

हे तेल बदलायचं असतं हे ऐकूनच लोक चकित होतात. वीस-पंचवीस हजार किलोमीटरला काढून बघा, राखाडी रंगाचं, वास मारणारं पाणी निघतं. काही ठिकाणी त्यात उरलंसुरलं इंजिन ऑइल ओततात. तसं करू नका. फोर्क ऑइल वेगळं असतं, पुस्तकात लिहिलेल्या जाडीचं घ्या आणि दोन्ही पायांत मापाच्या ग्लासने मोजून सारखं भरा. वस्ताद औषधाच्या बाटलीवर ब्लेडने रेघा पाडून मोजायचे. एका पायात दहा मिली जास्त झालं तरी पुन्हा उलटं करायला लावायचे.

सील गळायला लागलं तर थांबू नका. तेल पाइपावरून खाली ओघळून डिस्कवर गेलं की ब्रेक लागत नाही. कोकणात जांभ्याची लाल धूळ खाऊन आलेल्या गाड्यांना हे हमखास होतं. परत आल्यावर पाइप ओल्या मऊ फडक्याने पुसायचा, एवढीच मेहनत.

रिंगची पायरी बदलली की कुणी बघत नाही अशा दोन गोष्टी बदलतात. गाडीची मागची उंची बदलली म्हणजे चेनचा ढिलेपणा बदलतो. तो पुन्हा तपासा. आणि हेडलाइट. डबलसीट बसल्यावर मागून गाडी दबते, दिव्याचा झोत वर जातो आणि समोरच्याच्या डोळ्यात घुसतो. रात्री समोरचा सारखा डिपर मारत असेल तर त्याला शिव्या देण्याआधी आपली रिंग आठवा.

आता माझीच एक चूक सांगतो, 1998 च्या पावसाळ्यातली. सौ.ला चिपळूणला माहेरी सोडायचं होतं. स्प्लेंडर, मागे ती, तिच्या मांडीवर बॅग, बाजूला पिशवी. मी शहाण्यासारखा रिंग पाचवीवर नेली. जाताना कुंभार्ली घाट लोण्यासारखा उतरलो. परत एकटाच निघालो. रिंग तशीच. वजन साठ-पासष्ट किलोने उतरलेलं, मागचं चाक दगडासारखं उड्या मारत होतं आणि मला वाटत होतं रस्ताच खराब आहे. घाटात एका ओल्या वळणावर छोटा खड्डा आला, चाक उडालं आणि खाली आलं तेव्हा वीतभर बाजूला होतं. पडलो नाही, पाय टेकून सावरलो. कडेला चहाच्या टपरीवर थांबलो. टूलकिट सीटखालीच होती. हात थरथरत होते म्हणून पाना दोनदा निसटला.

रिंग दुसरीवर आणली आणि बाकीचा घाट नीट चढलो. घरच्यांना कुठेही सोडून एकटे परत निघाल, तेव्हा किल्ली फिरवण्याआधी पाना काढा. दोन मिनिटांचं काम आहे आणि पाना तुमच्याच सीटखाली पडलेला आहे.